खवल्यांचं बुबूळ

उदास माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, काही तर आमच्याच घराण्यात आहेत. पण माझ्या थोरल्या साडूंइतका मनापासून, शिस्तीने आणि कसलीही सुट्टी न घेता उदास राहणारा मनुष्य अख्ख्या विदर्भात शोधून सापडायचा नाही. माझ्या लग्नात सगळे जण आम्हा नवराबायकोला आशीर्वाद देत होते, तेव्हा साडूभाऊंनी अक्षता टाकल्या, माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "निभावून न्या." त्या दिवशी मला वाटलं, यांना माझ्या बायकोबद्दल काही माहिती असावी. पुढे कळलं की ते सगळ्यांनाच असं म्हणतात. कुणी घर बांधायला काढलं की ते आधी ओल कुठे येईल ती भिंत दाखवतात. कुणाचा मुलगा पास झाला की पुढचं वर्ष जड असतं असं सांगतात. दर उन्हाळ्यात घरचा कूलर सुरू करताना ते पंपाकडे बघून म्हणतात, "यंदा काही हा टिकणार नाही," आणि मग मृगापर्यंत रोज संध्याकाळी, अजून चालतोय म्हणून थोड्या निराश चेहऱ्याने, त्यात पाणी भरतात. 'होणार नाही' हे त्यांचे लाडके दोन शब्द. नागपूरहून निघणारी गाडी वेळेवर सुटणार नाही, सुटली तर जागा मिळणार नाही, मिळाली तर शेजारी बरा भेटणार नाही. आणि शेजारी बरा भेटलाच, तर तो बिचारा वर्ध्यालाच उतरून जाईल.

असा हा मनुष्य पोटापाण्यासाठी काय करत असेल? तर डोळे बनवतो. म्हणजे तसा अख्खा डोळा नव्हे. बुबुळावर जी पारदर्शक काच असते, डॉक्टर लोक जिला कॉर्निया म्हणतात, ती काच खराब झाली की माणसाला समोर धुकं दिसायला लागतं. आपल्याकडे लोक म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. मग मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच काढून ती बसवावी लागते, आणि तशी मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. साडूभाऊंचं म्हणणं असं, की एका माणसाला दिसावं म्हणून दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहायला लागू नये. म्हणून नागपुरात धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत, ते कितीतरी वर्षं पातळ पापुद्र्यांवर जिवंत पेशी वाढवून ती काच तयार करायच्या मागे लागलेले आहेत. खाली सगळ्या विदर्भातून आलेले रुग्ण डोळ्यांना हिरवी पट्टी लावून बाकांवर बसलेले असतात, आणि वर हा जगातला सगळ्यात निराश मनुष्य त्यांच्यासाठी काच वाढवत असतो.

पेशींविषयी ते घरातल्या मानी पाहुण्यांसारखं बोलतात. "आज जरा नाराज आहेत," "काल खाल्लं नाही," "जागा आवडलेली दिसत नाही." पेशींना वेळेवर खाणं घालावं लागतं, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही साडूभाऊ धंतोलीत. माझी थोरली मेव्हणी एकदा वैतागून म्हणाली, "सवत असती ना, तर तिनं तरी दिवाळीला सुट्टी दिली असती." एका पावसाळ्यात कुठूनशी बुरशी शिरली आणि त्यांच्या पेशी वाढवायच्या सगळ्या बश्या नासल्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सहज त्यांच्या घरी गेलो, तर मेव्हणीने दार अर्धवट उघडून, डोळे मोठे करून कुजबुजत सांगितलं, "सगळे गेले." मी चप्पल न काढताच आत शिरलो. आत साडूभाऊ भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले, सकाळपासून जेवलेले नाहीत, समोर पाण्याचा तांब्या. कोण गेलं ते कळेपर्यंत मीही त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलो होतो. कळल्यावर उठावं की बसावं ते सुचेना. शेवटी बसूनच राहिलो, कारण त्यांचं दुःख खरं होतं.

आणि खवले. हे पापुद्रे ते माशांच्या खवल्यांतून काढतात. रोहू मासोळीचे खवले धुऊन, उकळून, कसल्या कसल्या औषधांत ठेवून त्यातला मजबूत पण पारदर्शक भाग उरवायचा आणि त्यावर पेशी लावायच्या, असं काहीसं. आता आमच्या सासरी सगळे माळकरी. मासोळी घरात तर सोडाच, बोलण्यातसुद्धा येत नाही. त्या घरचा हा थोरला जावई आठवड्यातून एकदा पहाटे मासळी बाजारात उकिडवा बसून खवले निवडतो. तिथली मासोळी विकणारी बाई एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "काहून जी साहेब, मासोळी सोडून खवलेच कायले नेता?" साडूभाऊंनी तिला डोळ्याची रचना समजावून सांगितली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि ते पुढे गेल्यावर शेजारणीला म्हणाली, "बायको घरी मासोळी आणू देत नसन वं. वास घ्यायले नेते बिचारा."

आमच्या सासूबाई कुहीजवळच्या एका खेड्यात राहायच्या. धानाची शेती, थोरला मुलगा, सून, कोंबड्या आणि सगळ्यांवर सारखा चालणारा आवाज. लहानपणी देवी येऊन त्यांचा एक डोळा गेला होता, पण उरलेल्या एका डोळ्याने त्या दोन डोळ्यांच्या माणसांपेक्षा जास्त पाहायच्या. मग एका वर्षी धान कापताना धानाचं पातं त्या चांगल्या डोळ्याला लागलं. गावातल्या कुणीतरी दिलेलं औषध आधी घातलं, नागपूरला आणेपर्यंत उशीर झाला. जखम भरली, पण डोळ्यात पांढरं फूल राहिलं. उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की कॉर्निया बदलला तर दिसू शकेल. यादीत नाव घातलं, आणि काही महिन्यांनी एका दुपारी फोन आला, लगेच घेऊन या.

सासूबाई उठल्याच नाहीत. खाटेवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मी नाही येत. थोरले जवाईबापू करून राहिले ना माह्यासाठी. त्यायचं झालं की बसवीन."

सगळ्यांनी समजावलं. मी नागपूरच्या मिहानमधल्या माझ्या ऑफिसातून सुट्टी टाकून गाडी घेऊन गेलो होतो, मीही समजावलं. त्यांनी एकच धरून ठेवलं. "कोण्या घरी रडारड होऊन राहिली असन आता. त्या घरचं माणूस गेलं तवा मले दिसन, असं नाही पाहिजे मले." मी म्हटलं, "आई, साडूभाऊंचं ते माशाच्या खवल्याचं आहे, माहीत आहे ना? माळ घातलेल्या बाईच्या डोळ्यात मासोळी?" त्या जराही न अडखळता म्हणाल्या, "डोळ्यानं का कोणी खाते, जवाईबापू?"

तो कॉर्निया दुसऱ्या कुणाला तरी गेला. त्या दिवसापासून साडूभाऊ आणखी वाळले. दर रविवारी कुहीला जायचे, सासूबाईंसमोर बसायचे आणि सांगायचे, "आई, माझं होणार नाही." पण उभ्या जन्मात त्यांनी हे दोन शब्द इतके वापरले होते, की आता खरं सांगायची वेळ आली तेव्हा त्यावर कुणाचा विश्वासच बसेना. सासूबाई हसून म्हणायच्या, "तुम्ही तं कूलरलेही असंच म्हणता. अन् तो चालूनच राहिला हाये." खोटा धीर साडूभाऊंनी कधी कुणाला दिला नव्हता. तरीही दिवाळीलासुद्धा कामावर जाणाऱ्या जावयाच्या वागण्यातून त्या म्हातारीने नको तेवढा धीर घेतला होता, आणि तो काढून कसा घ्यायचा हे त्या विद्वान माणसाला कळत नव्हतं.

शेवटी एक दिवस ते मला म्हणाले, "आईंना धंतोलीला घेऊन या. वर माझ्या खोलीत."

मी त्यांना हाताला धरून जिने चढवलं. वरच्या मजल्यावर कसल्या तरी यंत्राची घरघर आणि औषधांचा वास. साडूभाऊंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, हात धुवायला लावले आणि म्हणाले, "आई, बोट पुढे करा." मग चिमट्याने एक ओला, नखाएवढा, जवळजवळ न दिसणारा गोल तुकडा त्यांच्या बोटावर ठेवला. तो आधीच बाद झालेला होता, म्हणून हात लावायला चालत होता. सासूबाईंनी अंगठ्याने तो हलकेच चोळून पाहिला.

"हे तं कांद्याच्या आतल्या सालीवानी लागते," त्या म्हणाल्या.

"हेच माझं काम."

"एवढंच?"

"एवढंच. इतक्या वर्षांत एवढंच." साडूभाऊ त्यांच्या समोर स्टुलावर बसले. "सशाच्या डोळ्यात बसवलं होतं. काही दिवस स्वच्छ राहिलं. मग पांढरं झालं."

"सशाले दुखलं असन."

"औषध देत होतो. दुखू दिलं नाही."

सासूबाई थोडा वेळ तो तुकडा बोटावर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "पण होईन ना कधी?"

मी साडूभाऊंकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते नेहमीचे दोन शब्द येणार. पण ते म्हणाले, "होईल."

मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. ते खाली बघत बोलत होते. "सगळ्या गोष्टींना मी होणार नाही म्हणतो आई, सवयच आहे. पण याच्याबद्दल मला वाटतं की होईल. तसं वाटलं नसतं तर मी या खोलीत बसलो नसतो. म्हणून आता सांगतो ते खरं माना. होईल, पण तुमच्या वेळेत होणार नाही. माझ्यासाठी थांबू नका."

"अन् त्या घरची रडारड?"

"ती तर झालेलीच असते आई. तुम्ही घेतलं नाही तरी होते. रडता रडता त्यांनी कुणाला तरी दिसावं म्हणून हो म्हटलेलं असतं. ते तरी वाया जाऊ देऊ नका."

यंत्राची घरघर चालू होती. सासूबाईंनी बोट पुढे केलं, साडूभाऊंनी तो तुकडा चिमट्याने उचलून घेतला. "फोन आला की सांगा," त्या म्हणाल्या, आणि पदराने बोट पुसलं.

फोन आला, त्या गेल्या, ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा आम्ही दोन्ही जावई समोर उभे होतो. त्यांनी बराच वेळ डोळा मिचकावला, साडूभाऊंकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिकले की हो तुम्ही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् तुम्ही सुटले." माझी बायको हसत हसत रडायला लागली. साडूभाऊ फक्त म्हणाले, "औषधाचे थेंब सोडू नका," आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिले.

पुढचं वर्षभर सासूबाईंनी डोळा वसूल केला. बांधावरून एकट्या फिरल्या, शेजाऱ्यांच्या कोंबड्या कोणत्या आणि आपल्या कोणत्या हे नव्याने ठरवून भांडल्या, आणि घराच्या कोपऱ्यांमध्ये इतकी धूळ शोधून काढली की सासूला दिसायला लागल्याचा सुनेचा आनंद काही फार दिवस टिकला नाही. पित्तरांच्या दिवसांत त्यांनी घरच्या मंडळींच्या पत्रावळींशेजारी एक पत्रावळ जास्तीची वाढली. हात जोडले आणि साडूभाऊंना विचारलं, "नाव काय घेऊ?" डोळा देणाऱ्याचं नाव दवाखाने सांगत नाहीत. साडूभाऊ म्हणाले, "नाव न घेता वाढा." त्या पानावर त्यांनी थोडी खीर जास्त घातली. त्याच दिवशी घरच्या एका पाहुण्याने जेवताना साडूभाऊंना छेडलं, "मग आता तुमच्या खवल्यांची गरज काय राहिली?" साडूभाऊंनी घास गिळला आणि एवढंच म्हणाले, "बाकावर बसलेले पुष्कळ आहेत."

पुढल्या पावसाळ्यात, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सासूबाईंचा डोळा लाल झाला. सगळे चिखलात वाकलेले, माणसं मिळत नव्हती, कुणाला कशाला त्रास द्यायचा म्हणून त्या गप्प राहिल्या. थेंबही संपले होते, तेही बोलल्या नाहीत. रोवणी आटोपल्यावर सुनेच्या लक्षात आलं. नागपूरला आणलं तेव्हा शरीराने ती परकी काच नाकारली होती आणि डोळ्यात पुन्हा पांढरं चढलं होतं. खालच्या डॉक्टरांनी तपासलं, मग साडूभाऊंनी छोट्या दिव्याने स्वतः पाहिलं. ते रागावले नाहीत. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं.

"गेलं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"जाऊ द्या." त्यांनी हात पुढे करून साडूभाऊंचा हात चाचपडत शोधला. "आता तुमचंच घीन. सावकाश होऊ द्या. मले घाई नाही."

दुसरं ऑपरेशन करण्यासारखा डोळा राहिला नव्हता, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, कदाचित त्यांनासुद्धा. 'होणार नाही' म्हणायला आयुष्यात कधी नव्हता इतका योग्य प्रसंग होता. साडूभाऊ म्हणाले, "हो, आई."

त्यानंतर ते जास्तच काम करायला लागले. आणि दर रविवारी कुहीला जाऊन सासूबाईंना आठवड्याचा हिशोब द्यायला लागले. पेशी खाताहेत की नाही, नवा ससा कसा आहे, बुरशी पुन्हा आली का. सासूबाई खाटेवर मान खाली घालून सगळं ऐकायच्या, मधूनच "मंग?" म्हणायच्या. जगातल्या कुठल्याही संशोधकाचं काम इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलं नसेल. माझी मेव्हणी म्हणायची, लग्नानंतर पहिल्यांदाच यांना बोलताना ऐकते आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. काही दिवस नागपूरला ठेवलं, मग त्यांनीच हट्ट धरला म्हणून घरी आणलं. शेवटच्या दिवसांतली एक दुपार. मी आणि साडूभाऊ खाटेपाशी बसलो होतो. बाहेर अंगणात धान वाळत घातलेलं होतं आणि सून चिमण्या हाकलत होती. सासूबाईंनी विचारलं, "जवाईबापू, माहे डोळे तं कोणाच्या कामाचे नाहीत ना? एक देवीनं नेला, एक धानानं. मी घेतलं, पण द्यायले काही नाही."

साडूभाऊ म्हणाले, "माझ्या कामाचे आहेत, आई. असा खराब झालेला डोळा नीट पाहिल्याशिवाय तो का खराब होतो ते मला कळत नाही."

"खरं सांगता?"

"मी खोटं कधी सांगितलं?"

त्यांनी थोडा विचार केला. ओठाच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं. "मासोळीपेक्षा बरे?"

"मासोळीपेक्षा पुष्कळ बरे," साडूभाऊ म्हणाले.

त्या गेल्या तेव्हा सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणे झालं. दवाखान्यातली माणसं आली, मुलाने संमती दिली, दार लावून घेऊन त्यांनी आपलं काम केलं. साडूभाऊ आत गेले नाहीत. अंगणात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रडारड चालू होती. ती माणसं हातात डबा घेऊन निघाली तेव्हा माझी बायको रडता रडता त्यांना म्हणाली, "सांभाळून न्या." तो डबा धंतोलीला वरच्या मजल्यावर गेला, डोळे औषधाच्या बरणीत ठेवले गेले आणि बरणी कपाटात गेली.

आणि तिथेच राहिली. साडूभाऊ रोज कामावर जायचे, खवले धुवायचे, पेशींना खाऊ घालायचे, पण ते कपाट उघडायचे नाहीत. रविवारी आता कुहीला जायचं कारण उरलं नव्हतं. ते घरीच बसायचे. मेव्हणी म्हणाली की घरातला एक नळ गळायला लागला, तरी त्यांनी त्याविषयी काही भाकीत केलं नाही. तिला याचीच जास्त काळजी वाटली. मी एकदा विचारलं, "बरणीचं काय?" तर म्हणाले, "पाहू." मला वाटलं, ती बरणी आता कधी उघडायची नाही.

शिमगा होऊन गेला. उन्हं कडक व्हायला लागली. एक दिवस दुपारी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. ते सहसा फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून बाहेर जिन्यात आलो.

"आज बरणी उघडली," ते म्हणाले.

"मग?"

"धानाने नेलेला डोळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मधला सगळा भाग पांढरा आहे. रक्तवाहिन्या आत शिरलेल्या आहेत. अपेक्षा होती तसंच." ते थांबले. मला वाटलं बोलणं संपलं. पण त्यांनी फोन ठेवला नाही. "वरच्या कडेला मात्र एक भाग स्वच्छ आहे. नखाच्या कोरीएवढा. अगदी काचेसारखा. मी दोनदा पाहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मान खाली घालून, डोळा वर केला, तर तेवढ्यातून त्यांना काहीतरी दिसत असणार. थोडं आभाळ. समोर बसलेल्या माणसाचं डोकं."

दर रविवारी खाटेवर मान खाली घालून ऐकत बसलेल्या सासूबाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. आम्हाला वाटायचं, थकल्या असतील.

"त्या कधी काही बोलल्या नाहीत," मी म्हणालो.

"मीही कधी विचारलं नाही," साडूभाऊ म्हणाले.

जिन्यात ऊन आलं होतं. त्यांच्या बाजूने त्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. आम्ही दोघे साडू कितीतरी वेळ नुसतेच फोन कानाला लावून राहिलो.